दस्तयेव्हस्की वाचायला सुरुवात कशी करावी

फ्योदोर मिखाइलोविच दस्तयेव्हस्की हा एकोणिसाव्या शतकातला रशियन कादंबरीकार एकदा वाचायचाच, असे ठरवणारे पुष्कळ असतात आणि साठ-सत्तर पानांनंतर पुस्तक निमूटपणे कपाटात परत ठेवणारेही जवळजवळ तितकेच असतात. मी स्वतः या दुसऱ्या गटात तीनदा जाऊन आलो आहे. रद्दीच्या दुकानातून वजनावर आणलेला, बारीक टायपातला 'कारामाझोव बंधू'चा इंग्रजी अनुवाद घेऊन मी बसायचो, हातात पेन्सिल असायची, प्रत्येक परिच्छेदात तत्त्वज्ञान शोधायचो आणि मीत्या व द्मीत्री हा एकच माणूस आहे हे उमगण्याआधीच दमून जायचो. चौथ्या खेपेला, वीज गेलेल्या एका संध्याकाळी, मेणबत्तीजवळ बसून एक प्रकरण मोठ्याने वाचले, तेव्हा कुठे कळले की ही माणसे सिद्धान्त मांडत नाहीत, बोलत आहेत: भांडत, लाजत, खोटे बोलत, स्वतःचे वाक्य पुरे होण्याआधीच ते मागे घेत. त्या दिवसापासून हा लेखक मी कानाने वाचतो, आणि नवख्या वाचकासाठी पुढे दिलेला क्रमही त्याच अनुभवावर बेतला आहे.

पहिली पायरी: प्रत निवडणे

ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना एका स्पेलिंगवर विसंबू नये. मराठीत हे नाव दोस्तोव्हस्की, डोस्टोव्हस्की, दोस्तोयेवस्की, दस्तयेवस्की असे अनेक प्रकारे लिहिले गेले आहे. रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' साधारण 'अ'सारखा उच्चारला जातो, म्हणून मी 'दस्तयेव्हस्की' असे लिहितो. परंतु सूचीकाराने तसे लिहिले असेलच असे नाही.

हाती आलेली प्रत पूर्ण आहे की संक्षिप्त, हे तपासण्याची सोपी खूण आहे. 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीचे सहा भाग आणि एक उपसंहार असतो. 'कारामाझोव बंधू'चे चार भाग, त्यांत मिळून बारा 'पुस्तके' आणि शेवटी उपसंहार असतो. अनुक्रमणिकेत हा हिशेब जुळला नाही, तर कोणीतरी कात्री चालवली आहे असे समजावे. 'भुते' या कादंबरीबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. 'तीखोनकडे' हे त्यातले प्रकरण संपादक कात्कोव यांनी मासिकात छापण्यास नकार दिला होता आणि ते प्रथम प्रसिद्ध झाले ते थेट १९२२ मध्ये. चांगल्या आवृत्तीत ते बहुधा परिशिष्टात असते. ते नसेल तर ती प्रत घेऊ नये, कारण नायकाच्या मनाची किल्लीच त्या प्रकरणात आहे.

इंग्रजीतून वाचणाऱ्यांसाठी कॉन्स्टन्स गार्नेट यांचे शंभर वर्षांपूर्वीचे अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य मिळतात. ते सरळ आणि वाचनीय आहेत, मात्र त्यांत मूळचा खडबडीतपणा इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत झाला आहे, अशी तक्रार नेहमी होते आणि ती रास्त आहे. रिचर्ड पेव्हियर आणि लारिसा वोलोखोन्स्की या दांपत्याचे अलीकडचे अनुवाद मुद्दाम अडखळत ठेवलेले आहेत. दोन्हींतले एकच पान शेजारी शेजारी ठेवून वाचावे आणि कोणत्या पानातला माणूस आपल्याला ऐकू येतो, त्यावरून निवड करावी. मराठी अनुवाद मिळाला तर तो मूळ रशियनवरून केला आहे की इंग्रजीवरून, हे आरंभीच्या पानावर पाहावे. इंग्रजीवरून केलेला असला तरी तो टाकाऊ ठरत नाही, आणि त्याचे कारण पुढच्याच पायरीत येईल.

दुसरी पायरी: नावांचा कागद

रशियन नावांनी बहुतेक वाचक हरतात. खरे पाहता मराठी वाचकाला हरण्याचे काहीच कारण नाही, कारण आपल्याकडेही स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशीच रचना आहे. 'गुन्हा आणि शिक्षा'चा नायक रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव म्हणजे रोमानचा मुलगा रोदिओन, आडनाव रास्कोल्निकोव. त्याची बहीण अव्दोत्या रोमानोव्हना, म्हणजे त्याच रोमानची मुलगी. आडनावालाही स्त्रीलिंगी रूप असते, म्हणून बापाचे आडनाव मार्मेलादोव तर मुलीचे मार्मेलादोवा.

नाव आणि वडिलांचे नाव जोडून हाक मारणे म्हणजे आपण 'विनायकराव' म्हणावे तसा आदर. नुसते आडनाव म्हणजे कचेरीतला किंवा मित्रांतला रोखठोकपणा. आणि लाडाचे नाव म्हणजे घरातली जवळीक. अव्दोत्याची दून्या होते, सोफियाची सोन्या, द्मीत्रीचा मीत्या आणि मीतेन्का, अलेक्सेयचा अल्योशा, आग्राफेनाची ग्रूशेन्का. घरचे जिला बेबी म्हणतात तिचे कागदोपत्री नाव सुलोचना असते, इतकेच हे सोपे आहे. वाचनाला बसण्यापूर्वी एका कागदावर प्रमुख पात्राचे पूर्ण नाव, लाडाचे नाव आणि नाते अशा तीन रकान्यांत टिपण करावे आणि तो कागद खूण म्हणून पुस्तकातच ठेवावा. पुढे एखादे पात्र दुसऱ्याला अचानक वेगळ्या नावाने हाक मारू लागले, तर तिथे थांबावे. नात्यात काहीतरी बदलले आहे.

आडनावेही कान देऊन ऐकावीत. 'रास्कोल' म्हणजे फूट, सतराव्या शतकात रशियन चर्चमध्ये पडलेल्या फुटीला हाच शब्द वापरतात. 'राझूम' म्हणजे विवेकबुद्धी, त्यावरून रास्कोल्निकोवच्या भल्या मित्राचे नाव राझूमीखिन. आणि 'कारामाझोव बंधू'मधल्या 'स्मेर्द्याकोव' या आडनावात दुर्गंधी आहे.

आता मराठीचा फायदा. रशियनमध्ये 'ती' आणि 'वी' असे दोन शब्द आहेत, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखे. इंग्रजीत दोन्हींचे एकच रूप होते आणि निम्मे नाट्य वाहून जाते. मराठी अनुवादक ते सहज परत आणू शकतो. तीच गोष्ट 'बातुश्का' या संबोधनाची. 'गुन्हा आणि शिक्षा'मधला तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच रास्कोल्निकोवला वरचेवर 'बातुश्का' म्हणतो. या शब्दाचा अर्थ 'बाबा', आणि आपण 'अरे बाबा, तसे नाही' म्हणतो तशाच लाडीगोडीने तो वापरला जातो. इंग्रजी अनुवादात त्याचा कुणी तरी सभ्य गृहस्थ होतो. शिवाय हा पोर्फिरी शब्दांच्या शेवटी 'स' जोडतो: 'दा' म्हणजे होय, 'दा-स' म्हणजे 'होय जी'. कनिष्ठाने वरिष्ठाशी बोलताना लावायचा हा आदराचा प्रत्यय तपास अधिकारी आपल्या संशयिताला लावतो, आणि त्या 'जी'मध्ये मांजराने उंदराला गोंजारावे तसा एक भाव येतो. इंग्रजीतून वाचतानाही मनात 'बाबा' आणि 'जी' घालून वाचावे. पोर्फिरी ताबडतोब खोलीत येऊन बसतो.

तिसरी पायरी: एक छोटी कथा

बरेच जण 'शुभ्र रात्री' (१८४८) या कथेपासून आरंभ करण्याचा सल्ला देतात. ती गोड आहे, चार रात्रींत संपते, वाचायला हरकत नाही. पण ती सैबेरियातल्या तुरुंगात जाण्यापूर्वीच्या तरुण लेखकाची आहे. माझा सल्ला 'क्रोतकाया' या दीर्घकथेपासून सुरुवात करण्याचा आहे. या शब्दाचा अर्थ सोशीक, गरीब स्वभावाची बाई. 'लेखकाची रोजनिशी' या नावाने दस्तयेव्हस्की स्वतःच लिहून स्वतःच प्रसिद्ध करीत असलेल्या मासिकाच्या नोव्हेंबर १८७६ च्या संपूर्ण अंकात ही एकच कथा होती. पीटर्सबर्गमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या तरुणीने हातात देवीमातेची प्रतिमा घेऊन खिडकीतून उडी मारली होती. ही बातमी त्यांच्या डोक्यातून जाईना, त्यातून ती आली.

कथा सुरू होते तेव्हा बायकोचे प्रेत पत्ते खेळण्याची दोन टेबले जोडून त्यांवर ठेवलेले आहे, आणि गहाणवटीचा धंदा करणारा नवरा खोलीत येरझाऱ्या घालत स्वतःशी बोलतो आहे. बस, एवढेच. तो आधी स्वतःचे समर्थन करतो, मग तिला दोष देतो, मग एक तपशील आठवून अडखळतो, मग पुन्हा उलटे बोलतो. प्रस्तावनेत लेखकाने म्हटले आहे की या माणसाचे बोलणे एखादा लघुलेखक जवळ बसून टिपत असता आणि आपण ते नंतर नीटनेटके केले असते तर जे झाले असते, तशी ही कथा आहे. दस्तयेव्हस्की कसा वाचावा याची सूचना खुद्द लेखकानेच इथे देऊन ठेवली आहे. एका बैठकीत, शक्य असेल तर आवाज करून, ही कथा वाचावी आणि नवऱ्याचे कोणते वाक्य खरे, कोणते स्वतःची समजूत घालणारे, हे ओळखण्याचा प्रयत्न करावा. ते जमू लागले म्हणजे पुढची हजार पाने वाचण्याची तयारी झाली.

चौथी पायरी: जरुरीपुरते चरित्र, आणि तुरुंगाचे पुस्तक

चरित्र आधी संपूर्ण वाचू नये; ते इतके नाट्यमय आहे की कादंबऱ्या त्याच्या तळटीपा वाटू लागतात. मात्र काही गोष्टी माहीत असाव्यात. जन्म मॉस्कोतल्या गरिबांसाठीच्या मारिया रुग्णालयाच्या आवारात, जिथे वडील डॉक्टर होते. जन्मतारीख कुठे ३० ऑक्टोबर तर कुठे ११ नोव्हेंबर १८२१ दिसली तर गोंधळू नये. रशियाचे जुने पंचांग त्या शतकात युरोपच्या बारा दिवस मागे होते, आणि या लेखातल्या पुढच्या तारखा त्या जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत. शिक्षण पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत झाले, नोकरी लवकरच सोडली. पहिली कादंबरी 'गरीब माणसे' हिचे हस्तलिखित सहनिवासी ग्रिगोरोविच याने कवी नेक्रासोवकडे नेले. दोघांनी रात्रभर ते वाचून काढले आणि पहाटे चारच्या सुमारास येऊन लेखकाला उठवून मिठी मारली. चोवीस-पंचविसाव्या वर्षी मिळालेले हे कौतुक फार टिकले नाही.

पुढे पेत्राशेव्हस्की यांच्या घरी राजकीय चर्चेसाठी जमणाऱ्या मंडळात जाणे सुरू झाले, तिथे समीक्षक बेलीन्स्कीचे लेखक गोगोलला लिहिलेले बंदी असलेले पत्र त्यांनी वाचून दाखवले, आणि एप्रिल १८४९ मध्ये अटक झाली. आठ महिने किल्ल्यातल्या कोठडीत काढल्यावर २२ डिसेंबरला सेम्योनोव्हस्की मैदानावर सर्वांना मृत्युदंडाचा हुकूम वाचून दाखवण्यात आला. तिघा-तिघांच्या रांगा होत्या. पहिले तिघे खांबांना बांधले गेले होते, दस्तयेव्हस्की दुसऱ्या तिघांत होते. नेमक्या त्या क्षणी शिक्षा बदलल्याचे जाहीर झाले. झारने हा निर्णय आधीच घेतलेला होता आणि हा सगळा देखावा ठरवून केलेला होता. खांबाला बांधलेल्यांपैकी ग्रिगोरियेव याचे डोके कायमचे फिरले. दस्तयेव्हस्कींना चार वर्षे सक्तमजुरी आणि त्यानंतर साधा शिपाई म्हणून सैन्यात चाकरी, अशी शिक्षा मिळाली.

एवढे कळल्यावर थेट 'मृतांच्या घरातील टिपणे' हे पुस्तक उघडावे. तिथला निवेदक बायकोच्या खुनासाठी शिक्षा भोगणारा कल्पित सरदार आहे, पण तुरुंग ओम्स्कचाच. तत्त्वचर्चा जवळजवळ नाही, सर्वत्र डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी आहेत. त्यातले न्हाणीघराचे प्रकरण आवर्जून वाचावे. पायात बेडी असताना विजार काढायची कशी, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला कधी पडला नसेल. आधी एका पायाची विजार बेडीच्या कड्याच्या आतून खाली ओढायची, पाय सोडवायचा, मग तीच पुन्हा कड्यातून वर घ्यायची, आणि मग दुसऱ्या पायाचे तसेच. ही विद्या निवेदकाला तोबोल्स्कमध्ये कोरेनेव नावाच्या, पाच वर्षे भिंतीला साखळीने जखडलेल्या दरोडेखोराने शिकवलेली असते. त्यानंतर वाफ, घाण पाणी, गर्दी आणि शंभर बेड्यांचा खणखणाट. कादंबरीकार तुर्गेनेवने या प्रकरणाची तुलना दान्तेच्या नरकाशी केली होती.

तुरुंगात लिहायला बंदी होती. तरीही इस्पितळात असताना त्यांनी एक छोटी वही लपवून ठेवली आणि तीत कैद्यांच्या तोंडच्या म्हणी, शिव्या, टोमणे, गाण्याच्या ओळी शेकड्यांनी टिपल्या. विचार नाहीत, अनुभव नाहीत, केवळ लोक कसे बोलतात ते. कठीण परिस्थितीत माणूस काय जपून ठेवतो यावरून त्याची पारख होते असे म्हणतात; या माणसाने इतरांचे बोलणे जपून ठेवले.

पाचवी पायरी: १८६६ सालच्या दोन कादंबऱ्या

आता मोठ्या पुस्तकाची वेळ. त्याआधी लेखकाची परिस्थिती पाहू. १८६४ मध्ये पहिली बायको मारिया आणि पाठोपाठ थोरला भाऊ मिखाइल वारला. दोघा भावांनी चालवलेल्या मासिकाचे कर्ज अंगावर आले. सावकार दाराशी असताना १८६५ मध्ये स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी तीन हजार रुबलांचा करार झाला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षे दस्तयेव्हस्की जे लिहितील ते प्रकाशकाने फुकट छापावे, असे त्यात कलम होते. ऑक्टोबर उजाडला तरी या कादंबरीचे एक पान लिहिलेले नव्हते, कारण 'गुन्हा आणि शिक्षा' त्याच वर्षी 'रूस्की वेस्तनिक' मासिकातून क्रमशः येत होती आणि सगळी शक्ती तिकडे लागली होती.

४ ऑक्टोबरला आन्ना ग्रिगोरियेव्हना स्नीत्किना ही वीस वर्षांची लघुलेखिका स्तोल्यार्नी गल्लीतल्या त्यांच्या घरी आली. घर पाहताच तिला रास्कोल्निकोव राहतो त्या घराची आठवण झाली, असे तिने आठवणींत लिहिले आहे. पंचेचाळिशीला टेकलेल्या, अस्वस्थ लेखकाने तिला सिगारेट देऊ केली, तिने ती नाकारली. मग त्यांनी इतक्या भरभर सांगायला सुरुवात केली की तिला थांबवावे लागले, आणि तिने उतरवून दिलेल्या मजकुरात एक पूर्णविराम राहिला म्हणून ते चिडले. अशा रीतीने 'जुगारी' ही कादंबरी सव्वीस दिवसांत सांगून झाली. हस्तलिखित द्यायला गेले तर प्रकाशक गावाबाहेर आणि कचेरी घ्यायला तयार नाही. शेवटी ते पोलीस ठाण्यात देऊन रीतसर पावती घेतली. पुढच्या फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले. त्यानंतरच्या मोठ्या कादंबऱ्यांची रीतही तीच राहिली: रात्री टिपणे काढायची, दुसऱ्या दिवशी ती समोर ठेवून आन्नाला सांगायची, तिने लघुलिपीत घेऊन स्वच्छ प्रत करायची. माणूस येरझाऱ्या घालत पात्रांचे आवाज काढतो आहे आणि समोर एक बाई ते टिपते आहे, हे दृश्य मनात ठेवून वाचले की लांबलचक संवादांचा कंटाळा येत नाही.

वाचताना आधी 'जुगारी' घ्यावी, ती लहान आहे आणि धावत सुटते. रूलेटचे वेड लेखकाला स्वतःलाच होते आणि ते १८७१ पर्यंत सुटले नाही, त्यामुळे टेबलाभोवतीच्या वर्णनात ऐकीव काही नाही.

मग 'गुन्हा आणि शिक्षा'. सहा भाग सहा आठवड्यांत वाचावेत. मूळ वाचकांनी ती मासिकातून हप्त्याहप्त्यानेच वाचली होती. आपल्याकडेही हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून तशाच येत, आणि पुढच्या अंकाची वाट पाहण्यात अर्धी गंमत असे. भाग संपला की दोन दिवस पुस्तक बंद ठेवावे. आरंभी एक नकाशाही शोधून ठेवावा, कारण ही कादंबरी पीटर्सबर्गच्या सेन्नाया चौकाच्या, म्हणजे गवताच्या बाजाराच्या, आसपासच्या गल्ल्यांत घडते. जुलैचा उकाडा, चुन्याची आणि गुत्त्यांची दुर्गंधी, आणि रास्कोल्निकोवच्या दारापासून सावकारणीच्या घरापर्यंत मोजून सातशे तीस पावले.

पहिल्याच प्रकरणातला एक हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा. रास्कोल्निकोव वडिलांचे चांदीचे घड्याळ घेऊन आल्योना इवानोव्हना या सावकारणीकडे जातो आणि चार रुबल मागतो. ती दीड रुबल देऊ करते. व्याज आगाऊ कापायचे, दर रुबलामागे महिन्याला दहा कोपेक (शंभर कोपेकांचा एक रुबल). दीड रुबलाचे पंधरा कोपेक झाले. शिवाय मागच्या महिन्यात नेलेल्या दोन रुबलांचे वीस कोपेक बाकी. पस्तीस कोपेक वळते करून त्याच्या हातावर पडतात एक रुबल पंधरा कोपेक. सावकारी पाशाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र एवढे ध्यानात घ्यावे की या पानावर अजून कोणताही सिद्धान्त आलेला नाही. 'असामान्य माणसाला गुन्ह्याचा अधिकार आहे का' ही प्रसिद्ध चर्चा येते ती थेट तिसऱ्या भागात, आणि तोवर आपण दीड रुबलाचा अपमान सोसून बसलेलो असतो. ही कादंबरी आधी प्रथमपुरुषी कबुलीजबाबाच्या रूपात लिहिली जात होती. नोव्हेंबर १८६५ मध्ये लिहिलेले सगळे जाळून लेखकाने नव्याने आरंभ केला. तृतीयपुरुषी निवेदनातही तो कबुलीचा स्वर कोठे कोठे ऐकू येतो, ते शोधण्यासारखे आहे.

हुद्द्यांबाबत दोन शब्द. झारच्या नोकरशाहीत चौदा दर्जे होते आणि मार्मेलादोव ज्याचा उल्लेख करतो तो 'तितुल्यार्नी सोवेत्निक' हा नववा. नाव भारदस्त, प्रत्यक्षात कारकून. तो गुत्त्यात बसून हा हुद्दा सांगतो तेव्हा हसू आणि कीव एकदमच यायला हवी.

'तळघरातील टिपणे' आताच का

हे पुस्तक बारीक आहे म्हणून सगळे त्याच्यापासून सुरुवात करतात आणि पहिल्या चाळीस पानांत अडकतात. १८६४ मधले हे लेखन चेर्निशेव्हस्की या क्रांतिकारी विचारांच्या लेखकाच्या 'काय करावे?' या आदल्याच वर्षीच्या कादंबरीला दिलेले उत्तर आहे. माणसाला त्याचे हित नीट समजावले की तो शहाण्यासारखा वागेल, असा तिथला विश्वास. तर माणूस केवळ आपली मर्जी चालावी म्हणून स्वतःच्या हिताला लाथ मारेल, असा तळघरातल्या माणसाचा हट्ट. माझी सूचना कदाचित अभ्यासकांना रुचणार नाही, परंतु नवख्याने दुसरा भाग आधी वाचावा. त्यात तोच माणूस तरुणपणी जुन्या वर्गमित्रांच्या मेजवानीत न बोलावता जाऊन स्वतःची शोभा करून घेतो. ते वाचून झाल्यावर पहिल्या भागातली बडबड कोणाच्या तोंडची आहे हे कळते, आणि मग ती तत्त्वज्ञान राहात नाही, त्याच मेजवानीचे वर्षानुवर्षे चाललेले उत्तर वाटते.

सहावी पायरी: उरलेल्या मोठ्या कादंबऱ्या

'इडियट', 'भुते' आणि 'कारामाझोव बंधू' यांचा क्रम प्रकाशनाप्रमाणेच ठेवावा. 'किशोर' ही १८७५ मधली कादंबरी मागे ठेवली तरी चालेल. मला ती आवडते, पण ती आधीच प्रेमात पडलेल्या वाचकासाठी आहे.

'इडियट'चा पहिला भाग एकाच दिवसात घडतो आणि तो शक्यतो दोन-तीन दिवसांत संपवावा, नाहीतर त्याचा वेग निसटतो. त्यात प्रिन्स मीश्किन एका माणसाची हकीकत सांगतो, ज्याला मृत्यूपूर्वी पाच मिनिटे उरलेली असतात: दोन मिनिटे सोबत्यांचा निरोप घेण्यासाठी, दोन मिनिटे स्वतःचा विचार करण्यासाठी आणि उरलेला वेळ शेवटचे आजूबाजूला पाहून घेण्यासाठी. सेम्योनोव्हस्की मैदान ज्याला ठाऊक आहे, त्याला इथे कोण बोलते आहे हे सांगावे लागत नाही. मीश्किनच्या अपस्माराचे झटकेही लेखकाने स्वतः भोगलेले आहेत. दुसरा आणि तिसरा भाग विस्कळीत आहे, तो तसाच आहे, वाचकाचे काही चुकत नाही. परदेशात, कर्जबाजारीपणात, जिनिव्हाला तीन महिन्यांची पहिली मुलगी सोन्या गेल्यानंतरच्या काळात, हप्ते पाठवत पाठवत ही कादंबरी पुरी झाली.

'भुते' ही १८६९ मध्ये मॉस्कोत नेचायेव या क्रांतिकारकाच्या गटाने इवानोव नावाच्या विद्यार्थ्याचा खून केला त्या प्रकरणावरून सुचली. पहिली दीडशे पाने गावगप्पांची आहेत आणि निवेदक एक चोंबडा शेजारी आहे. त्याला कंटाळू नये. त्याच्या चहाड्यांतूनच नंतरची आग लागते.

एक कडू गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ज्यू आणि पोलिश लोकांबद्दल या लेखकाचे पूर्वग्रह कादंबऱ्यांतही डोकावतात आणि 'लेखकाची रोजनिशी'त तर उघड येतात. त्यावर पांघरूण घालू नये. दुसऱ्याचा आवाज इतक्या प्रामाणिकपणे ऐकणारा माणूस काही लोकांच्या बाबतीत कान बंद करून बसला होता, हे वाचताना खटकले पाहिजे.

सातवी पायरी: कारामाझोव बंधू

यासाठी तीन महिने राखून ठेवावेत. मे १८७८ मध्ये लेखकाचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा अपस्माराच्या झटक्याने गेला. हा आजार बापाकडून आलेला. त्यानंतर ते तरुण तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्योव यांच्यासोबत ऑप्तिना पूस्तिन मठात गेले. कादंबरीतल्या धाकट्या भावाचे नाव अल्योशा आहे, आणि मूल गमावलेल्या एका बाईशी मठातले वृद्ध झोसिमा बोलतात ते प्रकरण दुसऱ्या पुस्तकात आहे. ते पान घाईत ओलांडू नये.

पाचव्या पुस्तकातले 'महान धर्मन्यायाधीश' हे प्रकरण सुटे छापून वाचण्याची पद्धत आहे. नवख्याने तसे करू नये. खाणावळीत दोन भाऊ बसले आहेत, एक बोलतो आहे, दुसरा ऐकतो आहे. इवानने हे काव्य रचले ते अल्योशाला ऐकवण्यासाठी, आणि अल्योशा शेवटी जे करतो तेच त्याचे उत्तर आहे. ऐकणारा काढून टाकला तर निबंध तेवढा उरतो. त्याउलट सातव्या पुस्तकात ग्रूशेन्का जी कांद्याच्या पातीची लोककथा सांगते ती जेमतेम एका पानाची आहे, आणि ती घरात कोणालाही मोठ्याने वाचून दाखवता येते. लहान मुलांनाही ती समजते.

पैशांचा हिशेब इथेही ठेवावा. तीन हजार रुबल हा आकडा या कादंबरीत पुन्हा पुन्हा येतो: लिफाफ्यात, कर्जात, मागणीत, साक्षीत. नावांच्या कागदाच्या मागच्या बाजूला प्रत्येक वेळी कोण कोणत्या तीन हजारांबद्दल बोलतो आहे ते लिहून ठेवावे. बाराव्या पुस्तकात खटला उभा राहतो तेव्हा तो कागद वकिलांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. दहाव्या पुस्तकात अचानक शाळकरी मुलांची गोष्ट सुरू होते आणि खूनखटला बाजूला राहतो, म्हणून काही जण ते गाळतात. गाळू नये; उपसंहार त्याच मुलांजवळ जाऊन संपतो.

पुस्तक उघडल्यावर पहिल्या प्रकरणाआधी दोन गोष्टी दिसतील. एक अर्पणपत्रिका, आन्ना ग्रिगोरियेव्हना दस्तयेव्हस्काया हिला. दुसरी योहानाच्या शुभवर्तमानातली ओवी, मातीत पडून मेल्यावाचून गव्हाचा दाणा एकटाच राहतो अशा अर्थाची. सैबेरियाच्या वाटेवर तोबोल्स्कला डिसेंब्रिस्ट, म्हणजे १८२५ च्या फसलेल्या उठावातल्या, कैद्यांच्या बायकांनी दस्तयेव्हस्कींना जो नवा करार दिला होता, ज्याच्या बांधणीत दहा रुबलांची नोट लपवलेली होती, तो त्यांनी आयुष्यभर जवळ बाळगला. २८ जानेवारी १८८१ रोजी, म्हणजे कादंबरीचा शेवटचा हप्ता छापून येऊन तीन महिनेही झाले नसताना, कुझ्नेच्नी गल्लीतल्या घरात सकाळी त्यांनी तेच पुस्तक मागवले, कुठलेही पान उघडले आणि आन्नाला मोठ्याने वाचायला सांगितले. त्याच संध्याकाळी ते वारले. अर्पणपत्रिकेखालची ती ओवी आता त्यांच्या थडग्यावर कोरलेली आहे.